गावाचं नाव विचारताना

परभणी जिल्ह्यातल्या शाळांमधून मराठी शिकवता शिकवता मला गावांच्या नावांचा नाद लागला. बदली झाली की नवं गाव, नवं शिवार आणि त्या नावामागची नवी कहाणी. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे आजचे नऊ तालुके. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत हिंगोलीचा मुलूखही आमच्यातच होता. एवढ्या टापूत तेलंगणाकडून, कर्नाटकातून, वऱ्हाडातून, दिल्लीकडून आलेल्या सत्तांनी आपापल्या भाषेचा हात नावांवर फिरवलेला आहे. हे काम करताना जे उमगत गेलं ते या वाटेला नव्याने लागणाऱ्यांसाठी लिहितो आहे. नावं सांगणारी माणसं झपाट्याने कमी होत आहेत, म्हणून थोडी घाईही आहे.

१. नाव शेजारच्या गावात विचारावं

गावातला माणूस आपल्या गावाचं नाव दिवसभरात फारसा घेत नाही. तो "गावात चाललो" म्हणतो, "घरला चाललो" म्हणतो. नाव घेतात ते शेजारचे, बाजाराला येणारे, सोयरीक जुळवणारे आणि एस.टी.चा कंडक्टर. त्यामुळे खरा उच्चार ऐकायचा तर आठवडी बाजारात बसावं. पाटीवर काय लिहिलंय ते नंतर पाहावं.

परभणीचंच घ्या. कागदावर 'ण' आहे, पण जिल्हाभर लोक 'परभनी' म्हणतात. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आज महाराष्ट्रभर गेली आहे. तिचं यमक जुळतं ते या 'नी'मुळेच. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" या दुसऱ्या, जुन्या बोलाचंही तसंच. पुस्तकांनी जो उच्चार नोंदवला नाही तो म्हणींनी सांभाळला. गोदावरीचंही असंच आहे. नकाशावर ती गोदावरी, पण काठची माणसं "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात. गंगाखेडच्या नावातली गंगा ती हीच. संत जनाबाईंचं हे गाव ज्यांना कागदावरूनच ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागतं. काठावर राहणाऱ्याला लागत नाही.

२. देवाची, ऋषीची कथा शेवटपर्यंत ऐकून घ्यावी

परभणीचं जुनं नाव प्रभावती नगरी, प्रभावती देवीच्या मंदिरावरून पडलेलं, हे इथलं प्रत्येक मूल शाळेत शिकतं. पाथरीचं जुनं नाव पार्थपूर. पार्थ म्हणजे अर्जुन. सेलू तालुक्यातल्या वालूरचा संबंध वाल्मीकींशी जोडला जातो. गोदावरीच्या पात्रातलं मुद्गलेश्वराचं मंदिर ज्या मुद्गल गावात आहे, तिथे मुद्गल ऋषी येतात. अशी कथा सांगणाऱ्याला मध्येच तोडून "पण याला पुरावा काय?" असं विचारणारे मी पाहिले आहेत. त्यानंतर सांगणारा गप्प होतो आणि कथेबरोबर येणारं बाकीचं सगळं, कोणत्या घराण्याकडे पूजा होती, पालखी कोणत्या वाटेने जायची, कुंड कुठे बुजलं, तेही त्याच्या पोटातच राहतं.

कथा आणि व्युत्पत्ती या दोन वेगळ्या वह्यांत लिहाव्यात. 'प्रभावती' पासून 'परभणी' होताना 'प्र'चा 'पर' होणं सहज समजतं, पण 'वती'चा 'णी' कसा झाला याची मधली पायरी दाखवावी लागते. ती मिळेपर्यंत माझ्या वहीत देवीची परंपरा परंपरा म्हणूनच राहील, आणि मानाने राहील. देवी गावाइतकीच खरी आहे. शब्दाचा प्रवास मात्र वेगळ्या पुराव्याने ठरतो.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. मध्य आशियात तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेला खोतन नावाचं उइगुर लोकांचं जुनं शहर आहे, आज चीनच्या शिनजियांग प्रांतात. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतातून परतताना तिथे थांबला. इ. स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन आपल्या लोकांचं वर्णन करून गेलेला प्रवासी तो हाच. खोतनला त्याने नावाची कथा ऐकली. राजाला मूल नव्हतं. त्याने वैश्रवणाच्या देवळात नवस केला. मूर्तीच्या कपाळातून बाळ निघालं. बाळ दूध घेईना, तेव्हा देवळापुढची जमीन स्तनासारखी वर आली आणि त्या दुधावर ते वाढलं. म्हणून देशाचं नाव 'कुस्तन', पृथ्वीचा स्तन. कथा सुंदर आहे. पण त्या भागात सापडलेल्या जुन्या खरोष्टी लेखांत नाव साधं 'खोतन' असंच येतं. बोलीतलं नाव आधी होतं. बौद्ध पंडितांनी त्याला संस्कृत पोशाख चढवला आणि मग पोशाखाला शोभेल अशी कथा आली, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पार्थपूर, प्रभावती, वाल्मीकी यांच्याकडे पाहताना हे खोतन मला नेहमी आठवतं.

३. नाव एकटं तपासू नये, नावांची भावकी पाहावी

सगळ्यात जास्त पदरात पडलं ते या एका सवयीने. एकेका नावावर डोकं आपटण्यापेक्षा सारख्या शेवटाची नावं एका कागदावर खाली खाली लिहावीत.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा घ्या. तिथली जुनी मंदिरं आणि उंच कोरीव स्तंभ पाहायला लांबून लोक येतात, आणि गावाचं मूळ नाव चारुक्षेत्र असं सांगितलं जातं. आता त्याच्याखाली परभणी तालुक्यातलं दैठणा लिहा. त्याच्याखाली पैठण लिहा. पैठणचं 'प्रतिष्ठान' हे लेखी पुराव्याने सिद्ध आहे. मग तिन्हींच्या शेवटी 'स्थान' दिसायला लागतं. चारठाण्यातलं 'चार' काय हा प्रश्न उरतोच, पण अर्धं नाव उलगडलेलं असतं, आणि ते 'क्षेत्र' या शब्दाकडे जात नाही.

दुसरी ओळ 'ऊर'ची. लातूरचं जुनं नाव 'लत्तलूर' राष्ट्रकूटांशी संबंधित लेखांत येतं; त्या घराण्याशी नातं सांगणारे राजे स्वतःला लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवून घेत. कन्नडमध्ये 'ऊरु' म्हणजे गाव. राष्ट्रकूट आणि कल्याणीचे चालुक्य यांच्या अमलात मराठवाड्यात कन्नड लेख कोरले गेले, तेव्हा इथल्या गावांना तो शेवट असण्यात नवल नाही. वालूर आणि जिंतूर या ओळीत ठेवून पाहण्याजोगी आहेत. जिंतूरचं जुनं नाव जैनपूर, असं गावात सांगतात. गावाजवळच्या नेमगिरी डोंगरातल्या जैन लेण्यांत नेमिनाथांची, पार्श्वनाथांची मूर्ती पाहिली की या आठवणीला आधार आहे हे कुणीही मान्य करील. पण 'जैनपूर'मधून 'जिंतूर'मधला 'त' निघत नाही. 'जिन' आणि 'ऊर' असं काही मुळात असावं का, याकडे माझा कल आहे. त्याहून पुढे मी जात नाही. आणि गंगाखेड तालुक्यातलं धारासूर, गुप्तेश्वराच्या देखण्या मंदिराचं गाव, केवळ शेवट कानाला तसा लागतो म्हणून या माळेत ओवू नये. माळ वाढवण्याचा मोह या कामात फार वाईट.

तिसरी ओळ झाडांची आणि पाण्याची: बोरी, बाभूळगाव, पिंपळगाव, जांब, झरी, पोखर्णी. या नावांना कुणी ऋषी लागत नाही. बोरीत बोरी होत्या, झरीत झरा होता. पोखर्णीत, नृसिंहाच्या पोखर्णीत, मला 'पुष्करिणी' ऐकू येते. साधी नावं सहसा सगळ्यात जुनी असतात, असं माझं मत झालं आहे. वाशीम इथे १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट उजेडात आले. चौथ्या शतकातल्या त्या लेखात नंदिकडच्या, म्हणजे नांदेडच्या उत्तरेकडच्या भागातलं एक गाव दान दिलं आहे, आणि ते कुठे आहे हे सांगण्यासाठी जवळच्या 'टाकलखोप्पक' नावाच्या ठिकाणाचा उल्लेख केला आहे. आमच्याकडे तालुक्यातालुक्यात टाकळी आहे. पावसाळ्यात माळावर उगवणारा, ज्याची कोवळी भाजी होते तो टाकळा आणि सोळाशे वर्षांपूर्वीचं ते 'टाकल' एकच असावं असं मला वाटतं, आणि असं काही हाती लागलं की त्या दिवशी जेवणाची शुद्ध राहत नाही.

४. जोडनाव टाकून देऊ नये

टाकळ्या इतक्या की ओळखीसाठी दुसरं नाव लागतंच. परभणी तालुक्यातली टाकळी कुंभकर्ण हे त्याचं ठळक उदाहरण. बुद्रुक आणि खुर्द हे फारसी 'बुजुर्ग' आणि 'खुर्द' यांतून आलेले, थोरलं आणि धाकटं. यातली धाकटी वस्ती कधी फुटली, कुणाच्या भांडणातून किंवा कोणत्या विहिरीच्या पाण्यामुळे फुटली, हे दोन्ही गावांतले म्हातारे सांगू शकतात. ते विचारावं.

५. कागद वाचण्याआधी कागदाची लिपी समजून घ्यावी

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. महसुलाचे जुने कागद उर्दूत, त्याआधीचे आणि खाजगी दप्तरातले बरेच मोडीत. देवनागरीत वाढलेल्या आपल्या पिढीने इथे फार सावध राहिलं पाहिजे.

उर्दूत 'ळ' नाही आणि 'ण' नाही. पिंगळीचं पिंगली होतं. पुढे कुणी त्यावरून इंग्रजीत लिहितो, इंग्रजीवरून तिसरा पुन्हा देवनागरीत आणतो, आणि गावाला जो उच्चार कधीच नव्हता तो पाटीवर येऊन बसतो. याहून मोठी अडचण नुक्त्यांची. घाईने लिहिलेल्या शिकस्त अक्षरात कारकून नुक्ते गाळतो. शब्दाच्या सुरुवातीला येणारे ब, प, त, न हे चारही नुक्त्याशिवाय अगदी एकसारखे, एक छोटा दात फक्त. म्हणजे 'बोरी' लिहिलेलं 'पुरी' वाचता येतं, 'तोरी' वाचता येतं, 'नूरी'सुद्धा. अशा वेळी आधीची आणि नंतरची गावं पाहायची. महसुलाची यादी बहुधा शिवाराला शिवार लागून जाते; शेजार जुळला की नाव जुळतं. मला उर्दू वाचायला शिकवणाऱ्या परभणीतल्या एका वयोवृद्ध गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सर, आधी नकाशा उघडा, मग कागद." त्यांचं ते वाक्य मी आजही पाळतो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. आधी ओळभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवत जायची, त्यामुळे शब्द कुठे संपला हेही कळत नाही. पण गावाच्या नावाला एक सोय असते. नावाआधी 'मौजे' किंवा 'कसबे' असतं आणि नावानंतर 'परगणे'. या दोन खुंट्या सापडल्या की मधलं ते गाव.

हे नुसतं हौशीचं काम राहिलेलं नाही. मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांकडे घराघरांतून माणसं येऊ लागली. गावाचं नाव एका नुक्त्याने चुकीचं वाचलं गेलं तर एका कुटुंबाची नोंद भलत्याच गावात शोधली जाते. वाचणाऱ्याने ही जबाबदारी ओळखून वाचावं.

६. स्टेशनवर विसंबू नये

मानवत रोड म्हणजे मानवत नव्हे. रेल्वे जिथून गेली तिथे स्टेशन झालं आणि लांबच्या पेठेचं नाव त्याला मिळालं.

७. सर्वांत जुनी लेखी नोंद मोलाची

पाथरीचं जुनं नाव काय, यावर तावातावाने बोलणाऱ्यांना मी दोन ग्रंथांची नावं सांगतो. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून पाथरी येते. फेरिश्त्याच्या इतिहासात तर पाथरीवरून अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांचं युद्ध झालेलं आहे. निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष ब्राह्मण कुळातला, त्याच्या पूर्वजांचं वतन पाथरीचं, म्हणून अहमदनगरच्या सुलतानाला हे गाव हवं होतं. ते न मिळाल्याने १५१८ मध्ये फौज पाठवून घेतलं. चारशे वर्षांपूर्वीच्या या फारसी ग्रंथांत गाव पाथरी याच नावाने आहे. पार्थपूर जुनं म्हणणाऱ्याने याच्याही आधीची नोंद पुढे ठेवावी. मिळाली तर मला तिचा आनंदच होईल. महानुभावांची स्थानपोथी, शिलालेखांचे संग्रह, विशेषतः शं. गो. तुळपुळे यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख', आणि राजवाड्यांचं स्थलनामांवरचं लेखन एवढं तरी हाताशी ठेवल्याशिवाय कुणी छातीठोक बोलू नये.

८. माणसं गेली तरी नाव राहतं, ते पांढरीवर जाऊन पाहावं

महसुली यादीत काही गावांपुढे 'बेचिराख' असं लिहिलेलं असतं. जिथे दिवा लागत नाही ते. दुष्काळ, पटकी, प्लेग, नदीचा पूर, लुटारूंची धाड अशा कशाने तरी ते उठलं. माणसं शेजारच्या गावी गेली. शिवार मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गट नंबरांनी कागदावर राहिलं. सातबाऱ्यावर आजही ती नावं येतात आणि तिथे एकही घर नसतं.

अशा ठिकाणी गेलं की काळ्या रानात मध्येच राखाडी-पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसतो. ती जुन्या वस्तीची पांढरी. पावसानंतर तिथे खापऱ्या उघड्या पडतात, काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडतात, जात्याची फुटकी तळी, कधी बांधाला उताणा पडलेला वीरगळ. उचलून घरी आणू नये. जागेवर फोटो काढावा आणि नोंद करावी. एकदा पूर्णेच्या बाजूला अशा पांढरीवर शेळ्या चारणाऱ्या एका मामांना मी विचारलं, इथला देव कुठे गेला? ते म्हणाले, "देव आमच्या गावात नेला की. पर जत्रंला पयला नारळ हितंच फुटतो. त्याबिगर पालखी उठत न्हाई." मग ते उठले आणि काठीने दाखवत गेले: हे वेशीचं, हे कुंभाराचं, ही तेलणीची विहीर. विहिरीच्या जागी नुसता खळगा होता आणि त्यात तरवड माजला होता. कागदावर या तिन्ही नावांचा मागमूस नाही. त्या एका दुपारी मी जे लिहून घेतलं ते कोणत्याही दप्तरात मिळालं नसतं.

९. नाव बदलताना कोण बोलतंय ते पाहावं

गावांची नावं बदलतात, नेहमीच बदलत आली. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं मोमिनाबाद झालं होतं, ते पुन्हा अंबाजोगाई झालं. शेवटच्या निजामाच्या नावाने झालेलं उस्मानाबाद २०२३ मध्ये धाराशिव झालं. अभ्यास करणाऱ्याने दोन्ही नावं, तारखेसह, लिहून ठेवावीत. मोमिनाबाद माहीत नसणाऱ्याला अंबाजोगाईचे शंभर वर्षांचे कागद सापडणार नाहीत.

पण बदल आणि पुसणं यांत फरक आहे. उइगुर मुलखाचं पुन्हा नाव घेतो. ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २००९ ते २०२३ या काळात तिथल्या सुमारे ६३० गावांची धर्माशी, इतिहासाशी, संस्कृतीशी जोडलेली नावं चिनी सरकारने बदलली. नावातला 'मजार' गेला, 'खोजा' गेला, 'दुतार' हे त्यांचं तंतुवाद्यही गेलं. जागी 'आनंद', 'ऐक्य', 'सलोखा' अशा अर्थाची नावं आली. गावातल्या माणसाला कुणी विचारलं नाही. हे वाचून मला परभणीतल्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, नेमगिरीची लेणी, पोखर्णीचा नृसिंह आठवत राहिले. या सगळ्यांच्या खुणा नावांत आहेत, आणि एका हुकमासरशी त्या जाऊ शकतात हे समजून अंगावर काटा आला.

याच्या उलट बाजूचंही एक उदाहरण आहे, आणि ते आपलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्याजागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. काही अभ्यासक म्हणाले, इतिहास पुसला जातोय. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला ते नाव शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या अर्जावर, टपालाच्या पत्त्यावर पिढ्यान् पिढ्या लिहावं लागलं, त्याने ते नको म्हटलं की विषय संपला. जुनं नाव माझ्या वहीत राहील; त्याच्या दारावरच्या पाटीवर राहण्याची गरज नाही. नाव राहावं की जावं हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. खोतनच्या गावांत तेच झालं नाही, आणि माझा आक्षेप तेवढ्यासाठीच आहे.

१०. शिवाराची नावं आधी लिहावीत

गावाचं नाव सरकारी कागदात आहे, ते एकदम हरवणार नाही. हरवत आहेत ती शेतांची, ओढ्यांची, पाणंदींची, विहिरींची, माळांची नावं. ट्रॅक्टरने बांध मोडला की बांधाचं नाव जातं. गट नंबर पडले तेव्हापासून 'चिंचेचं', 'लवणातलं', 'इनामाचं' म्हणणारी पिढी मागे पडत गेली. ही नावं शेतात राबणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त माहीत असतात, आणि त्यांनाच कुणी विचारत नाही.

म्हणून परभणी जिल्ह्यातल्या, आणि कुठल्याही जिल्ह्यातल्या, वाचकांना एक विनंती. या उन्हाळ्यात गावी गेलात की तलाठ्याकडून गावचा नकाशा मिळवा, घरातल्या आजीला आणि शेजारच्या गुराख्याला घेऊन बसा, आणि प्रत्येक शेताचं, प्रत्येक पाण्याचं नाव ते जसं उच्चारतात तसंच, शुद्ध न करता, लिहून काढा. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. एक प्रत गावच्या शाळेत द्या आणि एक ग्रामपंचायतीत.